ही शाल कशाबद्दल?

मी शाल बोलतेय. थंडीत अंगावर घेतात ती नव्हे. माणसाला स्टेजवर बोलावून त्याच्या अंगावर घालतात ती. सत्काराची शाल. माझ्यात लोकर औषधालाही नाही. रंग मात्र डाळिंबी आणि काठाला सोनेरी पट्टी. ही पट्टी फोटोत चमकते आणि मानेला टोचते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, त्यातली गत.

माझा जन्म विट्याचा, यंत्रमागावरचा. मागावरून उतरले तशी कापली, घडी घातली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली. पिशवीवर चिकटपट्टी बसली तेव्हाच मला कळलं की आपल्याला उलगडणार कमी आणि मिरवणार जास्त.

माझा पहिला मानकरी होता चेन्नईला सोनं-चांदी गाळायचं, म्हणजे गलाईचं, दुकान असलेला एक शेठ. यात्रेला गावी आला होता आणि शाळेला पत्र्याची शेड बांधून दिली होती. हेडमास्तरांनी मला अर्धवट उलगडून त्याच्या एका खांद्यावर टाकलं, फोटोवाला म्हणाला, "शेठ, हिकडं बगा," आणि झालं. खुर्चीवर बसेपर्यंत मी उतरलेसुद्धा. घरी गेल्यावर त्याच्या बायकोनं कपाट उघडलं. आत माझ्यासारख्यांची चळत होती. तिनं मला चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाली, "ही द्यायला चालंल." माझ्याबद्दल कुणी काढलेले हे पहिले उद्गार.

मग मी दिली गेले. रहिमतपूरच्या एका सुभेदाराला तो निवृत्त झाला म्हणून, त्याच्याकडून एका गुरुजींना ते निवृत्त झाले म्हणून, गुरुजींकडून सोसायटीच्या चेअरमनला तो निवडून आला म्हणून. चेअरमन पडला तेव्हा मात्र कुणी शाल घेऊन फिरकलं नाही. देखल्या देवा दंडवत. इतके हात बदलून मी एवढंच शिकले की शाल घालणारा शालीकडे बघत नाही आणि ज्याला घालतो त्याच्याकडेही बघत नाही. तो कॅमेऱ्याकडे बघतो.

असंच फिरत फिरत मी कडेगावकडच्या एका गावातल्या मंडपात येऊन पडले. अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस होता. कशाचे अध्यक्ष, हे विचारायचं नसतं. अध्यक्ष म्हटलं की पुरे. वाढदिवसाला रक्तदान झालं होतं, वह्यावाटप झालं होतं, या वर्षी काहीतरी नवं हवं होतं. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, दिव्यांगांचा सत्कार करू. सत्कार करायला दिव्यांग पाहिजेत, तेव्हा शोधाशोध सुरू झाली. चालता न येणारे दोन मिळाले. पण अध्यक्षसाहेबांच्या कार्यकर्त्या पोरांना वजनदार कोणीतरी हवं होतं. तेव्हा त्यांच्यातलाच पृथ्वीराज पुढं आला आणि म्हणाला, "आमच्या दादाला ऐकू बी येत न्हाई आन् दिसत बी न्हाई. दोनी हाय."

दोन्ही आहे, असं ते सांगणं. दोन एकर ऊस आहे म्हणावं तसं. पृथ्वीराजला पंचायत समितीचं तिकीट हवं होतं, आणि तिकिटाला काही हातभार लागत असेल तर घरातला भाऊ काय कामाचा नाही?

हा भाऊ म्हणजे नाथाजी. त्याची हकिगत मला पुढे सांगलीत समजली, पण तुमचा घोळ होऊ नये म्हणून आत्ताच सांगते. नाथाजी जन्मापासून बहिरा. त्याचे वडील आप्पासो उसातले शेतकरी, पण डोकं सरळ होतं. त्यांनी पोराला सांगलीच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. तिथं तो हातांच्या खुणांनी बोलायला शिकला, लिहायला-वाचायला शिकला, आणि मास्तरांच्या नकला तर अशा करायचा म्हणे की मास्तरच हसून खाली बसायचे. मग मिसरूड फुटायच्या वयात त्याची नजर कडेकडेनं काळी पडत गेली. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, मग समोरचं. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. शेवटी सगळा अंधार. हातात भाषा होती, पण समोर कोण आहे ते दिसेना आणि घरातल्या कुणाला त्या शाळेतल्या खुणा येईनात. गावानं त्याची जागा ठरवून टाकली. सोप्यातली बाज. दोन वेळचं जेवण बाजेवर, आंघोळ परसात, बाकी दिवस आपला आपण काढायचा. त्याला बघायला आलेले पाहुणे चुकचुकायचे आणि त्याच्यासमोरच म्हणायचे, "देवानं न्यायला पायजे हुतं." ऐकू येत नाही हे बरंच म्हणायचं.

मधल्या काळात आप्पासो सांगलीच्या दवाखान्यात वारले. नाथाजीला कुणी काही सांगितलं नाही. सांगणार कसं, म्हणून सांगितलं नाही. एक दिवस न्हाव्यानं त्याची दाढी-डोकं केलं, कुणीतरी डोक्यावरून पाणी घातलं, कोरे कपडे चढवले आणि अंगणात बसवलं. मग एकामागून एक अनोळखी हात आले आणि त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकू लागले, डोक्यावर टोपी ठेवू लागले. दुखवट्याचा टॉवेल-टोपी. आपल्याकडची रीत. शाळेच्या सुट्टीत त्यानं चुलत्याच्या दहाव्याला हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं, तेव्हा घरात कोणीतरी गेलंय एवढं त्याला उमगलं. पण कोण? टॉवेल टाकणारा ते सांगत नसतो. लोक पांगल्यावर तो घरभर फिरला आणि एकेकाचा हात चाचपू लागला. ज्याचा हात सापडणार नाही तो गेला, असा त्याचा हिशोब. आईचा हात सापडला. पण मनगट मोकळं होतं. बांगड्या नव्हत्या. त्यावरून त्याला कळलं की बाप गेला.

माणसं स्वतःला फार शहाणी समजतात. बाप गेल्याची बातमी पोराला आईच्या मनगटावरून चाचपून घ्यावी लागली आणि घरात तेव्हा बारा गावचे सोयरे बसले होते.

तर वाढदिवसाचा दिवस. पृथ्वीराजनं सकाळीच न्हावी बोलावला. नाथाजीची दाढी केली, केस कापले, आंघोळ घातली, कोरा पांढरा सदरा आणि लेंगा चढवला. त्याची आई बनुबाई घरात नव्हती. गावातल्या बायकांबरोबर मंडपामागं पुऱ्या लाटायला पहाटेच गेली होती. रोज ज्या हातातून चहा यायचा तो हात त्या दिवशी आला नाही, दुसराच आला. मग जीपमध्ये बसवलं, उतरवलं, पायऱ्या चढवल्या, खुर्चीवर टेकवलं. कुठं नेतोय, कशाला नेतोय, ह्यातलं त्याला काहीही कळवलं नाही. पृथ्वीराज मधूनमधून त्याच्या पाठीवर थोपटत होता. बैलाला थोपटतात तसं.

स्टेजवर माझी पाळी आली. निवेदक घशातून गहिवर काढून बोलत होता, "नियतीनं ज्याची दोन्ही दारं बंद केली..." अध्यक्षसाहेबांनी मला उलगडलं, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि नाथाजीच्या खांद्यावर टाकलं. हातात नारळ दिला.

मी कितीतरी खांद्यांवर पडलेय. काही खांदे फुगतात, काही लाजतात, काही पुढच्या शालीची वाट बघतात. हा खांदा माझ्याखाली ताठ झाला. दाढी, आंघोळ, कोरे कपडे, आणि खांद्यावर परक्या हातांनी घातलेलं कापड. सकाळपासून आईचा हात लागलेला नाही. नाथाजीला जे समजायचं ते समजलं. त्याच्या हातातला नारळ सुटला आणि तो रडू लागला. बहिऱ्या माणसाचं रडणं मोठं असतं. त्याला स्वतःचा आवाज माहीत नसतो.

निवेदक तयारीचा गडी होता. म्हणाला, "बघा मंडळी, कृतज्ञतेचे अश्रू. शब्द नाहीत, पण भावना आहेत." आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. काही बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अध्यक्षसाहेब स्वतः भारावले. मला त्या वेळी तोंड असतं तर मी थुंकले असते.

नाथाजी खुर्चीवरून उठला. त्याला आईचा हात शोधायचा होता, आहे की नाही ते बघायला. स्टेजवर ओळीनं पाहुणे बसले होते. त्यानं पहिल्या माणसाचा हात धरला आणि मनगट चाचपलं. त्या पाहुण्याला वाटलं, अभिवादन करतोय. त्यानं हसून फोटोला पोज दिली. नाथाजीनं हात सोडला, पुढचा धरला. त्यात घड्याळ होतं. सोडला. पुढच्या बाई नगरसेविका होत्या, त्यांचा हात बांगड्यांनी भरलेला. तोही सोडला. प्रत्येक जण कौतुकानं हात हलवून देत होता, एकानं तर त्याच्या गालाला चिमटा घेतला. माणूस आई शोधतोय आणि हे शेकहँड करतायत. इतकी डोळस माणसं मी एका ओळीत पुन्हा पाहिली नाहीत.

ओळीच्या टोकाला सोनम बसली होती. ती पण सत्कारमूर्ती, सांगलीहून आणलेली. आटपाडीकडच्या मेंढपाळांची पोर. तिलाही ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. पण तिच्या शेजारी संयोगिता होती. संयोगिता सांगलीत अशा माणसांचा गट चालवते, आणि सकाळपासून ती सोनमच्या हातात हात घालून सगळं सांगत होती. स्टेज केवढं आहे, पुढं लोक किती, शाल घालणारा माणूस जाडा आहे आणि त्याला घाम आलाय. सोनमच्या अंगावर शाल पडली तेव्हा ती हसली होती, कारण तिला माहीत होतं की शाल येतेय.

नाथाजीचा हात सोनमच्या हाताला लागला. बाकीच्यांनी सोडला, तिनं सोडला नाही. तिनं दोन्ही हातांनी तो धरला, आपल्या कानाला लावला, डोळ्यांना लावला आणि मग छातीला. मी पण तुझ्यासारखीच, असं ते सांगणं. नाथाजी थांबला. शाळा सुटल्यापासून त्याच्या हाताशी कुणी असं बोललं नव्हतं. त्याची बोटं आधी अडखळली, मग भराभरा चालू लागली. सोनमनं आपले तळवे त्याच्या हातांवर ठेवले होते आणि ती त्यातून वाचत होती. तिनं तेच संयोगिताच्या हातात केलं. संयोगिता उठली, निवेदकाच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाली, "हे विचारतायत, माझी आई कधी गेली?"

मग मागच्या बाजूनं, चुलवणाकडून, बनुबाई धावत आली. हाताला कणीक तशीच. स्टेजवर चढताना तिला एका कार्यकर्त्यानं अडवलं, "आज्जे, बायकांनी खाली बसायचं." तिनं त्याला असं ढकललं की तो फुलांच्या परडीत बसला. नाथाजीच्या हातात तिनं आपलं मनगट दिलं. मोकळं, कणकेनं बरबटलेलं. त्यानं ते धरलं, वास घेतला आणि पुन्हा रडला. या वेळी निवेदकानं माईक परत मागितला नाही.

पण नाथाजी तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं मला खांद्यावरून ओढलं, मुठीत धरलं आणि सोनमला विचारलं. संयोगितानं ते माईकवर सांगितलं, "ते म्हणतात, कुणी मेलं नाही तर हे अंगावर का घातलं?"

"सत्कार आहे, सांगा त्यांना," निवेदक म्हणाला.

तिनं सांगितलं. परत प्रश्न आला. "कशाबद्दल?"

निवेदकानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदावर प्रतिकूल परिस्थितीवर मात असं काहीतरी छापलेलं होतं, ते वाचायचं त्याला धाडस झालं नाही. त्यानं अध्यक्षसाहेबांकडे पाहिलं. अध्यक्षसाहेबांनी पृथ्वीराजकडे पाहिलं. पृथ्वीराजनं बुटांकडे पाहिलं. शेवटी अध्यक्षसाहेबच घसा साफ करून म्हणाले, "आमच्या वाढदिवसानिमित्त, म्हणावं."

संयोगितानं जसंच्या तसं सांगितलं. नाथाजीनं मला जमिनीवर टाकलं.

बनुबाईनं मला उचललं, झटकलं आणि पिशवीत टाकलं. गरिबीतून आलेल्या बाईची सवय, चांगलं कापड टाकायचं कसं? त्यामुळे पुढचं मला समजलं.

घरी पृथ्वीराजनं आकाशपाताळ एक केलं. "माजी अब्रू घालवली साऱ्यांदेखत. सायब जेवले बी न्हाईत. ती बया कोण त्या सांगलीची, तिला माईक दिला कुणी?"

बनुबाई भाकरी थापत होती. म्हणाली, "ती बया म्हनाली, आयतवारी तिकडं घिऊन या. मी त्याला न्हेनार हाय."

"कशाला वणवण? त्याला हितं काय कमी हाय? खायाला मिळतंय, ल्यायाला मिळतंय. तितं जाऊन आंधळ्या-भयऱ्यांत बसून काय उजेड पाडणार हाय?"

"मी मेले का जित्ती हाय, एवडं तरी त्याला इचारता यावं," बनुबाई म्हणाली. "उद्या मी खरंच मेले म्हंजी त्यो कुणाचं मनगाट चाचपंल रं? तुजं?"

पृथ्वीराज जीप द्यायला तयार झाला नाही. तेव्हा ती यष्टीनं निघाली. एका हातात नाथाजी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि भाकरीखाली मी. यष्टीतली माणसं टक लावून बघत होती. बघणं फुकट असतं, जागा द्यायला उठावं लागतं.

सांगलीतली ती जागा म्हणजे एका वसतिगृहाची खालची खोली. खाली सतरंजी, कोपऱ्यात माठ. आजूबाजूच्या गावांतून दर रविवारी दहा-पंधरा जण येतात. कुणाला थोडं दिसतं, कुणाला थोडं ऐकू येतं, कुणाला दोन्ही नाही. पहिल्यांदा मला वाटलं, आता इथं भजन किंवा भाषण होणार. तसलं काही झालं नाही. माणसं एकमेकांचे हात धरून बसली आणि बोलू लागली. आपापल्या घरच्यांची उणीदुणी, एसटीचा कंडक्टर कसा वागला, कोणाच्या वहिनीनं आमटीत पाणी किती घातलं. हसू आलं की समोरच्याच्या पाठीवर बोटं नाचवतात. टाळ्या वाजवायच्या तर सगळे जमिनीवर पाय आपटतात, म्हणजे प्रत्येकाच्या बुडाला कळतं. सत्काराच्या टाळ्या मी पुष्कळ ऐकल्या. ह्या टाळ्या मला सतरंजीवर पडल्यापडल्या कळल्या.

नाथाजी पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसून राहिला. दुसऱ्या खेपेला सोनमनं त्याला ओढलं. आणि मग तो सुटला. पावसाळ्यात ओढा सुटावा तसा. त्यानं पिशवीतून मला काढलं आणि सोनमच्या खांद्यावर टाकलं, पण अध्यक्षसाहेबांसारखं, पोट पुढं काढून. तिचे हात त्यानं आपल्या पोटावर ठेवले, म्हणजे तिला ऐट कळावी. मग पाहुण्यांचे हात. एकाचा ओला, एकाचा मेल्या माशासारखा, एकाचा घाईत सुटणारा. प्रत्येकाच्या हातात तो तो हात देऊन त्यानं सगळी रांग उभी केली. सतरंजीवर पाय आपटण्याचा धडाका उठला. तेव्हापासून मी त्यांच्या नाटकाचं सामान आहे. आता मी अंगावर पडते ती थट्टेला, आणि खरं सांगायचं तर इतक्या मानानं मला आधी कुणी वापरलं नव्हतं.

बनुबाई सुरुवातीला भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "मला मेलीला काय येतंय." संयोगितानं तिला एकेक खूण शिकवली. तिची बोटं भाकरी थापून जाड झालेली, नीट वळत नसत. पण एके दिवशी तिनं पोराला हातानं विचारलं, आज काय करू? हे तिनं आयुष्यात त्याला कधी विचारलं नव्हतं. नाथाजीनं उत्तर दिलं, काहीही कर, वांगं करू नको. मला वांगं आवडत नाही.

बनुबाईनं कपाळाला हात लावला. "अगं बया. इतकी वरसं मी त्याला वांगंच घालतीया. त्यो गप खायाचा, मला वाटायचं लय आवडतंय." ती हसली, मग पदरानं तोंड झाकलं. कितीतरी वर्षं एका माणसाला नको असलेलं वांगं खाऊ घातलं आणि गावानं तिला धन्य माउली म्हटलं.

मग नाथाजीनं तिला दुसरी गोष्ट विचारली. त्यानं स्वतःच्या मिशीला पीळ दिला. ही बापाची खूण. मग विचारलं, बाबा कसे गेले?

बनुबाईला उत्तर देता आलं नाही, आणि ते खुणा येत नव्हत्या म्हणून नव्हे. तिनं संयोगिताला सांगितलं, "मी घरीच हुते, याच्यापाशी. दवाखान्यात पृथ्वीराज एकलाच हुता. त्यो कायच बोलत न्हाई त्याबद्दल. इचारलं की उटून जातो."

त्यानंतर नाथाजी दर रविवारी घरी गेला की पृथ्वीराजचा हात धरून मिशीला पीळ द्यायचा. पृथ्वीराज हात काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "काय म्हणतोय काय म्हाईत." पण मी बनुबाईच्या पिशवीतून बघत होते. लहानपणी दोघं भाऊ असल्याच चार-दोन घरगुती खुणांनी भांडले होते, त्याच खुणांनी चिंचा चोरल्या होत्या. मिशीचा पीळ त्याला कळला नाही, हे कुणाला सांगतो?

गेल्या महिन्यात मात्र पृथ्वीराज स्वतःच्या पायांनी सांगलीच्या खोलीत आला. कारण उघड आहे. अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस पुन्हा जवळ आला होता आणि तिकीट अजून ठरायचं होतं. दारातच उभा राहून तो संयोगिताला म्हणाला, "मागल्या वर्षी जरा गैरसमज झाला. सायब म्हणतात, पुन्यांदा बोलवा. या टायमाला आदी नीट सांगा दादाला आन् मग घाला शाल. तुमी बी या. तुमचा बी सत्कार करू."

"मला नका सांगू. त्यांना विचारा," संयोगिता म्हणाली आणि मधे बसून तिनं ते नाथाजीच्या हातात सांगितलं.

मी तेव्हा नाथाजीच्या मांडीवर होते. त्यानं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. संयोगितानं ते पृथ्वीराजला सांगितलं, "ते म्हणतात, येईन. आधी सांग, बाबा कसे गेले."

पृथ्वीराज दारातून आत आला नाही आणि बाहेरही गेला नाही. खोलीतल्या बाकीच्यांना नीट दिसत नव्हतं, नीट ऐकू येत नव्हतं, पण संयोगिताला चिकटून बसलेल्या सोनमनं शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि हळूहळू सगळे हात थांबले. बनुबाई म्हणाली, "बस की रं. किती दिस उबा ऱ्हाणार हाईस?"

तो सतरंजीच्या कडेला बसला. बुटांसकट.

"दोन दिस शुद्धीवर हुते," तो म्हणाला. संयोगिता सांगत गेली, नाथाजीचे तळवे तिच्या हातांवर. "सारकं म्हणायचे, नाथ्याला आणा. मी म्हणलं आणतो, आणतो. न्हाई आणलं. दवाखान्यात समदी लोकं, त्याला कुटं धरून फिरवू? म्हणलं त्याला आणून काय उपेग, त्याला काय कळणार हाय. शेवटच्या रातीला त्यांना दिसंना झालं. माजा हात हातात घेतला. मला वाटलं, मला काय सांगतायत. तर त्यांनी माजा हात आपल्या मिशीला लावला. मला नाथ्या समजले, आवं. मी बोललोच न्हाई, मी नाथ्या न्हाई म्हणून. तसाच हात धरू दिला. मग गेले."

बनुबाईनं पदर तोंडात कोंबला. मी शाल आहे, मला कुणाची कीव येत नाही. पृथ्वीराजची तर मुळीच येऊ नये असं मी ठरवलेलं होतं. तेवढ्या घडीला ते जमलं नाही, हे मान्य करते. पुढे जमलं.

मी नाथाजीच्या मांडीवर होते आणि त्याच्या पोटातला श्वास मला लागत होता. मग त्यानं संयोगिताचे हात बाजूला केले. अगदी हळू, पण बाजूला केले. चाचपत पुढं सरकला, भावाचे दोन्ही हात शोधून धरले आणि आपल्या हातात उताणे ठेवून वाट पाहू लागला. पृथ्वीराजला काही कळेना. "काय म्हणतोय?" त्यानं विचारलं.

"ते म्हणतात, परत सांग," संयोगिता म्हणाली. "तुझ्या हातांनी."

"मला न्हाई येत."

"मग शिका. मी मधे येणार नाही."

अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस होऊन गेला. सत्कारमूर्ती दुसरे मिळाले, ते नेहमीच मिळतात. तिकीटही दुसऱ्याला मिळालं. पृथ्वीराजनं त्यावरून घरात एक-दोन ताटं आपटली, माणूस बदलणं इतकं सोपं नसतं. पण रविवारी जीप येते. बनुबाईला आता यष्टीची वाट बघावी लागत नाही.

माझी सोनेरी पट्टी विसविशीत झाली आहे, एका टोकाला सोनमनं बसून भोक पाडलंय. मी जास्त दिवस पुरणार नाही. जाता जाता तुम्हा डोळस, कान शाबूत असलेल्या मंडळींना एक सांगते, ऐकलंत तर बरं. कुणाच्या अंगावर काही घालायला निघालात तर आधी त्याच्या हातात हात द्या. आपण कोण ते सांगा, काय घालतोय ते सांगा, कशाबद्दल ते सांगा. सांगता येत नसेल तर शिका. आणि कशाबद्दल हे तुमचं तुम्हालाच ठाऊक नसेल, तर शाल दुकानातच राहू द्या, आम्हाला तिथं काही त्रास नाही.

पृथ्वीराज अजून शिकतोय. सतरंजीवर बसतो, आता बूट काढून. 'बाबांनी तुला बोलावलं होतं' इथपर्यंत त्याच्या हातांना येतं. त्यापुढचं वाक्य आलं की बोटं अडकतात. नाथाजी घाई करत नाही. तो हात पुढं करून बसलेला असतो.